ताग चार भारे, वाख पाच शेर

तुमच्या पणजोबांच्या जमाखर्चाच्या वहीतल्या दोन ओळी तुम्ही पाठवल्या आहेत. आश्विन वद्य पंचमीला ‘ताग भारे ४’ आणि पुढे कार्तिक शुद्ध तृतीयेला ‘वाख शेर ५’. दोन्ही शब्द तुम्ही कोशात पाहिलेत, दोन्हीपुढे साधारण एकच अर्थ मिळाला, दोर करायचा तंतू. एका ठिकाणी तागापुढे ‘ज्यूट’ असंही दिसलं. त्यावरून घराण्याच्या इतिहासात तुम्ही लिहिलंत की पणजोबा ज्यूटचा व्यापार करत, आणि छापायला देण्याआधी विचारताय की ताग आणि वाख यांत काही फरक आहे का, की एकाच मालाची ही दोन नावं.

फरक आहे, आणि तो कळला की त्या दोन ओळींचा अर्थच बदलतो. मराठवाड्यातल्या एका मोंढ्यात मी अडतीस वर्षं दोरखंड आणि बारदानाचं दुकान चालवलं. माझ्याआधी वडील चालवायचे. हे दोन्ही शब्द मी कोशातून नाही, गिऱ्हाइकांच्या आणि दोर वळणाऱ्यांच्या तोंडून शिकलो. त्या हिशेबाने सांगतो.

ताग हे झाडाचं नाव आहे. वाख हे कुठल्याच झाडाचं नाव नाही. ताग असो, अंबाडी असो, घायपात असो, त्यातून काढलेला, धुतलेला, वाळवलेला, गुंता सोडवून दोर वळण्याजोगा केलेला तंतू म्हणजे वाख. ताग शेतात उभा असतो, वाख ओसरीत खुंटीला टांगलेला असतो. काही भागांत त्याला ‘वाक’ म्हणतात, शब्द तोच.

बोलून पाहा म्हणजे लगेच कळेल. ‘यंदा दोन एकर ताग पेरला’ असं कुणीही म्हणेल. ‘दोन एकर वाख पेरला’ असं कुणी म्हणणार नाही. ‘वाख काढला’, ‘वाख पिंजला’, ‘वाख वळायला दिला’ ही सगळी वाक्यं रोजची. ‘तागाचा वाख’, ‘अंबाडीचा वाख’, ‘घायपाताचा वाख’ हेही रोजचं. ‘वाखाचा ताग’ मात्र होत नाही. हा, एक गोष्ट खरी की ताग हा शब्द झाडापुरताच राहत नाही, त्याच्या तंतूलाही लोक ताग म्हणतात. ‘तागाचा दोर’ म्हणताना तंतूच डोळ्यांपुढे असतो. म्हणजे ताग शब्द शेतातून घरात येतो, पण वाख शब्द घरातून शेतात जात नाही. कोशकारांची गल्लत इथेच होते. दोन्ही शब्द दोराजवळ भेटतात म्हणून ते दोन्ही एकाच खणात टाकतात.

कापसाचं उदाहरण घेतलं तर अधिक सोपं होईल. बोंडातून वेचतो तो कापूस, त्यात सरकी असते. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली की उरते ती रुई. गाठी बांधल्या जातात त्या रुईच्या, एक गाठ १७० किलोची. पुढे रुईचं सूत होतं. नारळाचंही तसंच. सोडणातून निघतो तो काथ्या आणि काथ्या वळला की सुंभ. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण काथ्याला लावून पाहा, लागतच नाही, कारण काथ्याला अजून पीळ बसलेलाच नसतो. वाख हा त्या काथ्याच्या, रुईच्या जागेवरचा शब्द आहे. झाड मागे राहिलं, दोर अजून झाला नाही, त्या मधल्या अवस्थेचं नाव.

घायपाताकडे पाहिलं की हे आणखी पटतं. घायपात आपल्याकडचा नव्हे, तो मूळचा अमेरिका खंडातला, मेक्सिकोकडचा. युरोपीय लोकांची जा-ये सुरू झाल्यावर तो इकडे आला आणि पुढे बांधाबांधांवर, रेल्वेरुळांच्या कडेला कुंपण म्हणून लागला. त्याचा तंतू तर खोडातला नाहीच, पानातला. त्याला कुजवत ठेवायचीही गरज नसते. पान ठेचून, खरवडून गर काढून टाकला की आतले पांढरे, ताठ तंतू हाती येतात (तो रस अंगाला लागला की भयंकर खाज सुटते, हे काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही). झाड परकं, तंतूची जागा वेगळी, काढायची रीत वेगळी. तरी आपल्या लोकांनी त्याला नवा शब्द शोधला नाही. हातात आलेली लड बघितली आणि म्हणाले, हा घायपाताचा वाख. म्हणजे वाख कशापासून झाला हे त्या शब्दाला महत्त्वाचं नाही, तो वळण्याजोगा झाला की नाही हे महत्त्वाचं.

आता तुमच्या वहीतल्या मापांकडे पाहा. मला विचाराल तर खरं उत्तर तिथेच आहे. ताग ‘भारे’ मध्ये लिहिलाय आणि वाख ‘शेर’ मध्ये. भारा म्हणजे डोक्यावर घेऊन जाता येईल एवढी काड्यांची मोळी. वळण्याजोगा तंतू कुणी भाऱ्याने मोजत नाही, तो तराजूत पडतो. आणि उभ्या काड्या कुणी शेरावर विकत नाही. तुमच्या पणजोबांनी वहीत लिहिताना दोन वेगळ्या वस्तू दोन वेगळ्या मापांनी लिहिल्या, त्यांच्या मनात काही गोंधळ नव्हता.

मधले तेरा दिवसही बोलके आहेत. ताग कापून, पाला झडू देऊन, काड्यांच्या पेंढ्या पाण्यात दाबून ठेवतात. वर दगड ठेवायचे, नाहीतर त्या तरंगतात आणि वरचा भाग कोरडा राहतो. पाण्यातले जिवाणू सालीतला चिकट भाग खातात आणि तंतू खोडापासून सुटा होतो. पाणी उबदार असलं तर तागाला हे चार ते सात दिवसांत होतं. मग साल ओढून काढायची, आपटून धुवायची, उन्हात वाळवायची, झटकून तुसं काढायची. सगळं मिळून बारा-तेरा दिवस म्हणजे अगदी बेताचा हिशेब. आणि वजन? ओल्या काड्या शंभर किलो असल्या तर तंतू चार-पाच किलो निघतो, त्याहून फार जास्त नाही. एक भारा साधारण पंचवीस किलोचा धरला तर चार भारे म्हणजे शंभर किलो, आणि जुना पक्का शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणजे पाच शेर साडेचार किलोहून थोडे जास्त. माझ्या मते या दोन नोंदी दोन वेगळ्या खरेदी नाहीत. पणजोबांनी रानातला ताग चार भारे वळणाऱ्याकडे किंवा सोलणाऱ्याकडे दिला आणि त्याच तागाचा पाच शेर वाख त्यांच्या घरी परत आला. हा व्यापार नव्हे, घरच्या दाव्या-कासऱ्यांची सोय आहे. वहीत त्या तारखांच्या पुढेमागे वळणाऱ्याच्या मजुरीची किंवा बलुत्याच्या धान्याची नोंद सापडते का ते पाहा.

कुजवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण वाखाचा सगळा कस तिथे ठरतो. एक दिवस कमी ठेवलं तर साल खोडाला चिकटून राहते, ओढताना तुटते, तंतूत लाकडाची तुसं राहतात आणि वळताना हात सोलतात. दोन दिवस जास्त ठेवलं तर जिवाणू चिकट भाग संपवून तंतूलाच लागतात. असा वाख दिसायला पांढरा, मऊ, फार छान दिसतो, आणि ताण पडला की तुटतो. आमच्या दुकानाला दोर वळून देणारे एक मामा होते. ते पाण्यातून एक काडी उचलायचे, बुडख्याकडून दोन बोटांनी साल धरून वर ओढायचे. साल सळसळत शेंड्यापर्यंत एका झटक्यात सुटली की म्हणायचे, काढा आजच. मध्ये कुठे अडकली की काडी परत पाण्यात. घड्याळ, दिवस, काही मोजायचे नाहीत. वाख निवडतानाही तसंच. चिमूटभर तंतू घेऊन दोन्ही हातांनी कानाजवळ धरून ताणायचे आणि तुटतानाचा आवाज ऐकायचे. चांगला वाख ‘टण्’ करून तुटतो, कुजलेला नुसता सुटतो, त्याला आवाज नसतो. मी पुढे कित्येक वर्षं माल घेताना तेच केलं.

वळण्याचं काम पाहिलेली माणसं आता कमी राहिली म्हणून तेही लिहून ठेवतो. वाखाची लड खुंटीला. तिच्यातून थोडे तंतू ओढून चातीला, म्हणजे पीळ देण्याच्या फिरकीला, अडकवायचे. चाती एकाने फिरवायची, दुसऱ्याने मागे सरकत सरकत वाख पुरवत जायचं, बोटं पाण्यात बुडवून. पुरवणाऱ्याच्या अंगठ्याखाली जाडी ठरते. तंतू कमी गेले तर तिथे दोर बारीक होतो, एकदम जास्त गेले तर गाठीसारखा फुगतो. असे तीन पेड तयार झाले की तिन्ही ताणून धरायचे, मध्ये तीन खाचांचा लाकडी ठोकळा, आणि उलट्या दिशेने पीळ द्यायचा. ठोकळा पुढे सरकत जातो आणि त्याच्यामागे दोर बसत जातो. प्रत्येक पेडाचा पीळ एका बाजूचा, दोराचा पीळ दुसऱ्या बाजूचा. म्हणून दोर आपणहून उलगडत नाही. हे काम आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मातंग समाजाने केलं. पोळ्याच्या आधी महिनाभर त्यांच्या अंगणात चाती थांबायची नाही. नवी दावी, नव्या वेसणी, म्होरक्या, कासरे, सगळं पोळ्याला लागायचं. मोटेचा नाडा, विहिरीचं चऱ्हाट, घरातलं शिंकाळं हे वर्षभर. गावची शेती त्यांच्या पिळावर उभी होती आणि त्याचा मोबदला त्यांना फार थोडा मिळाला. ताग-वाखाचा इतिहास लिहिताना हे गाळू नये असं मला कळकळीने वाटतं. तुमच्या पुस्तकात पणजोबांच्या नावाबरोबर त्या वळणाऱ्याचाही उल्लेख यावा, नाव वहीत सापडलं तर नावानिशी.

आता ज्यूटकडे येतो. तुमची खरी चूक तिथे होत होती, आणि ती एकट्या तुमची नाही.

मराठवाड्यात, विदर्भात, पश्चिम महाराष्ट्रात शेतकरी ज्याला ताग म्हणतो ते झाड म्हणजे क्रोटॅलॅरिया जुन्सिया. काही भागांत त्यालाच बोरू म्हणतात (लेखणीचा बोरू तो वेगळा). हिंदीत सन किंवा सनई. हे शेंगवर्गी झाड आहे. हरभऱ्या-तुरीच्या कुळातलं. पिवळीधमक फुलं, लांबट साधं पान, आणि वाळलेली शेंग हलवली की आत बिया खुळखुळतात. शास्त्रीय नावातला ‘क्रोटॅलॅरिया’ हा शब्द ग्रीक भाषेतल्या खुळखुळ्यावरूनच आला आहे. मुळं उपटून पाहिली तर गाठी दिसतात, त्या हवेतलं नत्र जमिनीत आणतात. म्हणूनच आजचा शेतकरी हा ताग दोरासाठी नाही, हिरवळीच्या खतासाठी पेरतो. एकरी वीस-पंचवीस किलो बी, पहिल्या पावसावर पेरा, ४५ ते ५० दिवसांनी फुलं दिसू लागली की नांगराने जमिनीत गाडा.

शाळेच्या भूगोलात मात्र ‘ताग’ म्हणजे पश्चिम बंगाल, हुगळीच्या काठच्या गिरण्या, गोणपाट. ते झाड ज्यूट, कॉर्कोरस. त्याच्या दोन जाती लावतात, एकीची शेंग गोल, दुसरीची लांब. तागाशी त्याचं कुळाचंही नातं नाही. त्याला मुळांवर गाठी नसतात. पानाची कड करवतीसारखी दातेरी असते आणि देठाजवळ दोन बारीक शेपट्यांसारखे धागे लोंबतात, एकदा पाहिलं की विसरत नाही. बी इतकं बारीक की हेक्टरी पाच-सात किलो पुरतं. तागाला हेक्टरी पन्नास-साठ किलो लागतं, यावरूनच दोन झाडं किती वेगळी ते लक्षात येईल. बंगालीत त्याला ‘पाट’ म्हणतात आणि कोवळ्या पानांची भाजी खातात.

मग आपण त्याला ताग का म्हणायला लागलो? माझी समजूत सांगतो. १८५५ मध्ये रिश्राला हुगळीकाठी भारतातली पहिली ज्यूट गिरणी सुरू झाली, आणि पुढे तिथलं गोणपाट सगळ्या देशभर पसरलं. आपल्याकडे ते झाड कुणी पाहिलेलं नव्हतं. पण खोडाच्या सालीतून निघणारा, पोत्याच्या कामाचा तंतू आपल्याकडे होता, त्याचं नाव ताग. ओळखीच्या वस्तूचं नाव अनोळखी वस्तूला लागलं. इंग्रजांनीही अगदी हेच केलं. त्यांच्याकडे दोराचं झाड म्हणजे हेम्प, भांगेच्या कुळातलं. मग आमच्या तागाला त्यांनी सन हेम्प म्हटलं, अंबाडीला डेक्कन हेम्प, फिलिपिन्समधल्या केळीच्या भावकीतल्या झाडाला मनिला हेम्प. यातलं एकही खरं हेम्प नाही. म्हणून जुन्या इंग्रजी कोशात तुम्हाला सगळीकडे हेम्पच दिसतं.

बोलण्यात ‘तागाची पिशवी’ म्हटलं तर मी कुणाला अडवत नाही. तो वापर आता रुजलाय, तो काढून टाकता येणार नाही. पण दोर, बियाणं आणि जुने कागद या तीन ठिकाणी हा फरक पाळलाच पाहिजे. त्यातल्या दोराबद्दल मला मोल देऊन कळलंय.

१९८६ सालची गोष्ट. दुकानात मी नुकताच बसायला लागलो होतो. बाहेरच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून ‘तागाचा दोर’ म्हणून माल आला. सोनेरी, चकचकीत, एकसारखा वळलेला, आमच्या मामांच्या दोरापेक्षा देखणा आणि स्वस्त. मी तो हौसेने पुढे मांडला. एका ओळखीच्या शेतकऱ्याने विहिरीच्या पोहऱ्यासाठी वीस हात घेतला. श्रावणात घेतलेला दोर दिवाळीच्या आत तुटला. पोहरा विहिरीत गेला, आणि दोर ओढणारी त्याची आई कठड्याजवळ मागे पडून हाताला दुखापत झाली. तो माणूस भांडला नाही. तुटलेलं टोक गल्ल्यावर ठेवून म्हणाला, ‘सावकार, ताग असा तुटत नाही.’

मामा त्या वेळी दुकानात होते. त्यांनी ते टोक उलगडलं, तंतू तोंडात घालून ओला केला आणि ताणला. कोरड्या टोकाकडचा तंतू धरला, तो बऱ्यापैकी टिकला. ओला लगेच सुटला. मग खुंटीवरच्या आमच्या वाखातून चार तंतू काढून तेही ओले केले. ते ओले झाल्यावर उलट जास्तच चिवट लागले. ‘हा बंगालचा आहे,’ ते म्हणाले, ‘धान्याला चालतो, पाण्याला चालत नाही.’

त्यांनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर होतं, शास्त्राप्रमाणेही. ज्यूटमध्ये लिग्निन, म्हणजे लाकडाला लाकूडपण देणारा पदार्थ, शेकडा बाराच्या आसपास असतो. ओलाव्यात ज्यूटची ताकद घटते आणि सतत ओलं राहिलं तर ते कुजतं. तागात लिग्निन कमी, तो पाण्यात मजबूत राहतो. म्हणूनच नायलॉन येण्याआधी किनाऱ्यावरचे कोळी जाळी तागाच्या दोऱ्याची करायचे आणि झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ती पक्की करायचे. ज्यूटचं जाळं कुणी केलं नाही. उलट धान्याच्या पोत्याला ज्यूटच चांगलं. आतली हवा खेळती राहते, हूक लावला तरी वीण फाटत नाही, थप्पीवर पोतं घसरत नाही. १९८७ च्या कायद्याने धान्य आणि साखरेला ज्यूटची पोती सक्तीची झाली ती ज्यूट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा आणि गिरण्यांचा आधार म्हणून, पण पोतं म्हणून त्याची योग्यताही आहेच. पन्नास किलो धान्याचं ते पोतं साधारण ५८० ग्रॅमचं भरतं, अडतीवर बारदान वजा करताना हा आकडा आम्हाला पाठ असायचा.

त्या शेतकऱ्याला मी मामांच्या हातचा दोर आणि नवा पोहरा नेऊन दिला. पण त्या दिवसापासून दुकानातल्या पाट्या बदलल्या. एकीवर ‘ताग’, दुसरीवर ‘बंगाली ज्यूट, पाण्यासाठी नाही’.

अंबाडीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या वहीत ती पुढे कुठेतरी येईलच, मराठवाड्यातली वही आहे. अंबाडी भेंडीच्या आणि जास्वंदीच्या कुळातली. पान पंजासारखं फाटलेलं, खोडाला बारीक काटे. तूर-ज्वारीच्या कडेने ओळ टाकायची, कोवळी असताना पाला खुडून भाजी करायची. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वरून लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी आणि भाकरी हे आमच्याकडचं जेवण आहे, त्याच्याबद्दल वेगळं काय सांगू. पुढे झाड उंच होऊ द्यायचं, बी धरलं की कापायचं, आणि काड्या पाण्यात. एकाच झाडातून भाजी, बियांचं तेल आणि वाख. तिचा वाख तागापेक्षा राठ असतो, पण घरात आपोआप येतो. १९४७ ला फाळणी झाली तेव्हा ज्यूटची बहुतेक जमीन पूर्व पाकिस्तानात गेली आणि गिरण्या इकडे राहिल्या. कच्चा माल कमी पडला तेव्हा अंबाडी जास्त लावायला प्रोत्साहन मिळालं, आणि दख्खनच्या, आंध्रच्या अंबाडीचा तंतू ‘मेस्ता’ या नावाने गिरण्यांत गेला. त्यामुळे त्या काळातलं गोणपाट शुद्ध ज्यूटचं असेलच असं नाही. व्यापारातल्या इंग्रजीत अंबाडीला ‘अंबारी’ हे नावही आहे, ते आपल्याच शब्दावरून गेलेलं.

शेतकऱ्यांसाठी या फरकातली एक कामाची गोष्ट, कारण हे तुमच्याशिवाय इतरही वाचतील. हिरवळीसाठी पेरलेला ताग फुलं येताच गाडायचा तो का, ते वाख समजला की आपोआप समजतं. फुलोऱ्यापर्यंत खोड कोवळं असतं, जमिनीत लवकर कुजतं. शेंगा धरू लागल्या की सालीत तंतू पक्के होतात आणि खोड लाकडासारखं कडक होतं. मग तो ताग गाडला तर महिनोन् महिने काड्या तशाच निघतात, कुळवाला अडकतात. दोरासाठी मात्र उलट. तंतू पक्का होईपर्यंत थांबायचं. म्हणजे खतवाल्याने वाख व्हायच्या आधी कापायचा, दोरवाल्याने वाख झाल्यावर. माझ्या ओळखीचे एक तरुण शेतकरी पावसाने काम लांबलं म्हणून सत्तराव्या दिवशी ताग गाडून बसले आणि रब्बीची पेरणी त्या काड्यांतून करताना हैराण झाले. त्यांच्या आजोबांना एका वाक्यात कळलं, ‘अरे, त्यात वाख भरला होता.’ नातवाला तो शब्दच माहीत नव्हता.

मोट गेली, इंजिन आलं, मग विजेचा पंप आला. दावी-कासरे नायलॉनचे झाले. तागाचं बी कृषी सेवा केंद्रात मिळतं म्हणून ताग शब्द टिकला. वाख मागे पडला, कारण वाख विकत मिळत नाही, तो करावा लागतो. दुकान बंद करायच्या वर्षी माझ्याकडे वाखाच्या दोनच लडी उरल्या होत्या, दोन्ही मी घरी आणल्या.

तुमच्या पुस्तकासाठी टीप अशी लिहा: ‘ताग: शेंगवर्गी झाड, क्रोटॅलॅरिया जुन्सिया, बोरू, बंगालचा ज्यूट नव्हे. वाख: ताग, अंबाडी, घायपात इत्यादींचा सोलून, धुऊन, वाळवून दोर वळण्यासाठी तयार केलेला तंतू.’ ‘ज्यूटचा व्यापार करत’ हे वाक्य काढा. त्याऐवजी ‘घरच्या शेतातला ताग देऊन त्याचा वाख करून घेत’ असं लिहिता येईल, पण त्याआधी आश्विन-कार्तिकाची ती दोन पानं पूर्ण पाठवा. शेरापुढे ‘जमा’ आहे की ‘खर्च’ हे तुम्ही पाठवलेल्या तुकड्यात कापलं गेलंय, आणि सगळं त्यावर अवलंबून आहे.